टेलच्या नळाला काय उरते

क्लोरीनचा एक अणू आणि प्राणवायूचे दोन अणू यांच्यापासून बनलेल्या क्लोरीन डायऑक्साइड या रेणूत बंध तयार करू शकणारे, म्हणजे सर्वांत बाहेरच्या कक्षेतले, एकूण इलेक्ट्रॉन 19 असतात. क्लोरीनचे 7 आणि प्राणवायूच्या दोन अणूंचे मिळून 12. ही संख्या विषम असल्यामुळे एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहतो आणि ज्या रेणूत असा एकटा इलेक्ट्रॉन असतो त्याला रसायनशास्त्रात मुक्त मूलक म्हणतात. बहुतेक मुक्त मूलके क्षणार्धात दुसऱ्या कशाशी तरी संयोग पावून नाहीशी होतात, पण क्लोरीन डायऑक्साइडमधला हा एकटा इलेक्ट्रॉन एका अणूवर न थांबता तिन्ही अणूंवर विखुरलेला असल्यामुळे असे दोन रेणू समोरासमोर आले तरी सहसा एकमेकांना धरत नाहीत, आणि म्हणून हे मूलक पाण्यात विरघळवता येते, डब्यात काही काळ ठेवता येते, इतकेच नव्हे तर डोळ्यांनी पाहताही येते, कारण निळा-जांभळा प्रकाश शोषून घेतल्याने त्याचे द्रावण हिरवट पिवळे दिसते.

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात, म्हणजे नीरा-बारामती रस्त्यावरच्या कोऱ्हाळे बुद्रुक, वडगाव निंबाळकर, पणदरे या गावांपासून खाली इंदापूर तालुक्यापर्यंत, हा रेणू पाठ्यपुस्तकातून आलेला नाही. तो कोंबड्यांच्या औषधांच्या दुकानातून, 'पाण्याचे सॅनिटायझर' या नावाने, दोन वेगवेगळ्या बाटल्यांतून आला. त्याआधी कितीतरी वर्षे याच गावांत पाणी शुद्ध करणे म्हणजे टीसीएल टाकणे असाच अर्थ होता आणि ग्रामपंचायतीच्या टाकीपुरता तो आजही तसाच आहे. एकाच परिसरात, कधी एकाच घरातल्या दोन माणसांच्या हातून, क्लोरीनची ही दोन रूपे वापरली जातात, आणि दोन्ही कामांत मुरलेल्या माणसाला जे कळते ते कोणत्याही डब्यावरच्या सूचनेत छापलेले नसते: पाण्यात काय घातले याला फारसे महत्त्व नाही, शेवटच्या नळाला काय उरले याला आहे.

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, हे काम वरवर सोपे दिसते. ताज्या पावडरीत उपयोगी क्लोरीन साधारण 33 टक्के असतो आणि एक हजार लिटर पाण्याला पाच ग्रॅम हे प्रमाण गावोगावच्या जलसुरक्षकांना तोंडपाठ असते. पावडर बादलीत कालवून, चुन्याचा गाळ खाली बसू देऊन, वरची निवळी टाकीत सोडायची आणि अर्धा तास थांबून मगच पाणी गावाला सोडायचे, ही झाली पद्धत. प्रत्यक्षात पावडरीचे पोते पंपघराच्या पत्र्याखाली ठेवलेले असते, तोंड सुतळीने कसेबसे बांधलेले असते, आणि एप्रिल-मे महिन्यांत त्यातला क्लोरीन उष्णतेने व हवेतल्या ओलाव्याने रोज थोडाथोडा उडून जातो. पोते तेच, माप तेच, वहीतली नोंदही तीच. औषध मात्र निम्म्यावर आलेले. उपयोगी क्लोरीन 20 टक्क्यांखाली गेलेली पावडर आरोग्य विभागाच्या तपासणीत निकृष्ट ठरते, पण तो अहवाल हाती येईपर्यंत पोते बहुधा संपलेले असते. म्हणून जाणता कर्मचारी पोत्याच्या वासावर विसंबत नाही. तो सकाळी गावाच्या कडेच्या घरी जाऊन तिथल्या नळाचे पाणी काचेच्या नळीत घेतो, त्यात ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे थेंब टाकतो आणि पाणी पिवळे होते की नाही ते पाहतो. पिवळेपणा लगेच आला तर तो मोकळ्या क्लोरीनचा; रेंगाळत, काही मिनिटांनी चढला तर तो बहुधा अमोनियाशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा, म्हणजे नावापुरत्या संरक्षणाचा. हा काही सेकंदांचा फरक वहीतल्या रकान्यात मावत नाही, तिथे फक्त 'पॉझिटिव्ह' एवढेच लिहिले जाते.

पाण्याच्या स्वभावाचा प्रश्न यापुढचा. कालव्याखालच्या या भागात उसाला पिढ्यानपिढ्या भरपूर पाणी दिले गेले आणि पाणथळ, क्षारपड जमिनींचा प्रश्न इथे ब्रिटिश काळापासूनच नोंदला गेला आहे. विहिरींचे व बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड आणि अल्कधर्मी असते. शेतकऱ्यांच्या भाषेत त्याचा सामू चढा असतो. ब्लीचिंग पावडर पाण्यात पडली की हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि जंतू मारण्याचे खरे काम तेच करते, कारण विद्युतभाररहित असल्याने ते जंतूंच्या आवरणातून सहज आत शिरते. सामू 7.5 च्या आसपास असला की यातले निम्मे आम्ल हायपोक्लोराइट या ऋणभारित कणात बदललेले असते, आणि सामू 8.5 वर गेला की खरे कामाचे आम्ल जेमतेम दहाव्या हिश्शाइतके उरते. हायपोक्लोराइट जंतू मारत नाही असे नव्हे, पण फार हळू मारते. म्हणजे चाचणी पिवळी येते आणि तरीही अर्ध्या तासात व्हायचे काम अर्ध्या तासात झालेले नसते. ऑर्थोटोलिडीनच्या नळीला हे दाखवता येत नाही, आणि सामू मोजण्याची साधी पट्टी पंपघरात क्वचितच सापडते.

क्लोरीन डायऑक्साइड नेमका याच ठिकाणी वेगळा पडतो. नाव सारखे असले तरी पाण्यातले त्याचे वागणे क्लोरीनसारखे नाही. तो पाण्याशी अभिक्रिया करून दुसऱ्या आम्लात बदलत नाही, विरघळलेला वायू म्हणूनच राहतो, त्यामुळे सामू 6 असो वा 9, त्याची मारकशक्ती फारशी ढळत नाही. अमोनियाशी त्याचे काही देणेघेणे नसते. आणि सर्वांत महत्त्वाचे, तो समोरच्या पदार्थात क्लोरीनचा अणू घुसवत नाही, केवळ एक इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो, म्हणजे त्याचे ऑक्सिडीभवन करतो. साधा क्लोरीन पाण्यातल्या पालापाचोळ्याच्या अर्काशी संयोग पावून क्लोरोफॉर्मसारखे ट्रायहॅलोमिथेन गटातले पदार्थ तयार करतो. क्लोरीन डायऑक्साइडकडून ते जवळपास होत नाहीत. मात्र एक इलेक्ट्रॉन घेतल्यावर तो स्वतः क्लोराइट या आयनात बदलतो, आणि वापरल्या गेलेल्या मात्रेपैकी साधारण 50 ते 70 टक्के भाग याच रूपात पाण्यात मागे राहतो. क्लोराइट रक्तातल्या तांबड्या पेशींना अपायकारक असल्याने जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे 0.7 मिलिग्रॅम ठेवली आहे. अमेरिकेत क्लोराइटला 1 मिलिग्रॅम आणि खुद्द क्लोरीन डायऑक्साइडला 0.8 मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. 'क्लोरीनपेक्षा चांगले' एवढेच सांगून हे औषध विकणाऱ्यांनी हा दुसरा अर्धा भागही सांगायला हवा, पण दुकानात तो सहसा ऐकू येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हम्फ्री डेव्ही यांनी पोटॅशियम क्लोरेटवर गंधकाम्ल ओतून हा वायू मिळवला, तेव्हापासून त्याची एक खोड सर्वांना ठाऊक आहे, ती म्हणजे स्फोटाची. त्याचा उत्कलनबिंदू अवघा 11 अंश सेल्सिअस असून हवेत त्याचे प्रमाण 10 टक्क्यांच्या वर गेले की ठिणगीचीही वाट न पाहता तो स्फोटक रीतीने विघटित होऊ शकतो. त्यामुळे क्लोरीनसारखा तो सिलिंडरमध्ये दाबून गावोगाव पाठवता येत नाही. जिथे लागतो तिथेच आणि लागतो तेव्हाच तो तयार करावा लागतो. दोन बाटल्यांचे कारण हे. एकीत सोडियम क्लोराइटचे द्रावण असते, दुसरीत आम्ल, बहुधा सायट्रिक किंवा सौम्य हायड्रोक्लोरिक. दोन्ही पाण्यासारखी नितळ. प्लास्टिकच्या बादलीत ठरलेल्या मापाने ती एकत्र केली की पहिल्या मिनिटात काहीच घडल्यासारखे वाटत नाही. मग तळाकडून फिकट लिंबू रंग चढू लागतो, दहा-पंधरा मिनिटांत द्रावण गडद पिवळे होते, आणि बादलीवरचे झाकण किंचित सरकवले तरी नाकात झोंबणारा, क्लोरीनच्या जवळचा पण अधिक उग्र वास येतो. हे काम करणारी माणसे काही गोष्टी सवयीने पाळतात: लोखंडी भांडे वापरत नाहीत, झाकण हवाबंद करत नाहीत, बादली उन्हात ठेवत नाहीत, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभी राहतात. क्लोराइटचे सांडलेले द्रावण गोणपाटावर किंवा भुशावर वाळले तर तो कोरडा भाग पुढे नुसत्या घर्षणानेही पेट घेऊ शकतो, ही गोष्ट मात्र कमी जणांना माहीत असते, आणि कोंबड्यांच्या शेडमध्ये तर खाली अंथरलेला सगळा भुसाच असतो.

ब्रॉयलरच्या शेडमध्ये पाण्याची खरी अडचण टाकीत नसून नळीत असते. पिल्ले उतरतात त्या दिवशी त्यांना गूळपाणी देण्याची पद्धत या भागात रूढ आहे. प्रवासाने थकलेल्या पिल्लांना त्याने तरतरी येते यात शंका नाही. नंतर जीवनसत्त्वे, यकृताची औषधे, क्षार असे बरेच काही याच पाण्यातून दिले जाते. गुळाचा आणि औषधांचा जो अंश नळीच्या आतल्या बाजूला चिकटून राहतो त्यावर जंतूंचा थर वाढतो, ज्याला शेडवर नुसते 'बुळबुळ' म्हणतात आणि शास्त्रात जैवपटल. हा थर क्लोरीन पृष्ठभागावरच खाऊन टाकतो, आतल्या जंतूंपर्यंत तो पोहोचूच देत नाही. क्लोरीन डायऑक्साइड विद्राव्य वायू असल्याने आणि वाटेत भेटेल त्या प्रत्येक पदार्थाशी अभिक्रिया करत बसत नसल्याने त्याच थरात खोलवर शिरतो. नव्या बॅचआधी नळ्या या द्रावणाने भरून ठेवून मग धुतल्या की निपलमधून, म्हणजे कोंबड्या पाणी पितात त्या तोट्यांतून, पहिल्या लोटात काळपट लगदा बाहेर पडतो. आधीच्या बॅचला पाजलेले पाणी यातूनच गेले होते, हे तिथे उभ्या असलेल्या कोणालाही वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्यानंतर रोजच्या मात्रेचा प्रश्न येतो आणि इथेच नवखा माणूस चुकतो, कारण तो टाकीतल्या पाण्यावर समाधान मानतो. नीरा डाव्या कालव्यावर वाढलेल्या माणसाला खरे तर हे सांगायला नको. वीर धरणातून आवर्तन किती क्युसेकने सुटले याच्याशी इंदापूरकडच्या टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला कर्तव्य नसते, आपल्या चारीला पाणी आले की नाही एवढेच तो पाहतो. जंतुनाशकाचेही तसेच. टाकीत लिटरमागे एक मिलिग्रॅम असलेला क्लोरीन डायऑक्साइड पत्र्याखालच्या तापलेल्या नळीतून जाताना बुळबुळीवर खर्च होतो, उष्णतेने पाण्यातून सुटून जातो, आणि शेडच्या दुसऱ्या टोकाच्या निपलपर्यंत कधी निम्मा तर कधी अजिबात पोहोचत नाही. मग घाईने टाकीतली मात्रा दुप्पट केली जाते. त्याने टेलला थोडे उरते खरे, पण सुरुवातीच्या निपलजवळच्या पक्ष्यांना वासाचे पाणी मिळते, ते पाणी कमी पितात, पाणी कमी प्यायले की खाद्यही कमी खातात, आणि वजन घटते. योग्य उपाय कंटाळवाणा आहे: आधी नळी साफ करणे, मग मात्रा लहान ठेवून शेवटच्या निपलवर मोजत राहणे.

मोजणे म्हणजे काय, हाही सोपा प्रश्न नाही. ऑर्थोटोलिडीन मोकळ्या क्लोरीनबरोबरच क्लोरीन डायऑक्साइडलाही रंग देते, त्यामुळे नळी पिवळी झाली म्हणून नेमके काय सापडले ते त्यावरून ठरत नाही. शिवाय हे रसायन हाताळणाऱ्याच्या आरोग्याला धोक्याचे मानले जाऊ लागल्याने प्रयोगशाळांत त्याची जागा डीपीडी या, गुलाबी रंग देणाऱ्या, रसायनाने घेतली आहे. डीपीडीही दोघांना ओळखते, पण तिथे एक युक्ती आहे: आधी ग्लायसीन हे साधे अमिनो आम्ल घातले तर ते मोकळ्या क्लोरीनला ताबडतोब बांधून टाकते आणि क्लोरीन डायऑक्साइडला हात लावत नाही, म्हणून त्यानंतर येणारा गुलाबी रंग निव्वळ क्लोरीन डायऑक्साइडचा असतो. हा प्रयोग प्रत्यक्ष करून पाहिलेल्या माणसाच्या लक्षात येते की बाजारातली स्वस्त मिश्रणे पुष्कळदा दोन्हींचे मिश्रण देतात. आम्लाची बाटली जुनी झाली, माप चुकले, बादलीत आधीचे टीसीएल उरले होते, यांपैकी कशानेही तसे होते. क्लोराइट किती उरले ते मात्र अशा रंगाच्या नळीने कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

द्रावण उन्हात ठेवू नये या साध्या सूचनेमागे एक मोठे प्रकरण दडलेले आहे. प्रकाशाने हा रेणू तुटतो. हवेत तुटला तर त्यातून क्लोरीन मोनॉक्साइड, म्हणजे एक क्लोरीन आणि एक प्राणवायू इतकेच असलेले आणखी साधे मूलक, बाहेर पडते. अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या छिद्रातला मुख्य कर्ता हाच. क्लोरीनचा अणू ओझोनकडून प्राणवायूचा एक अणू घेऊन क्लोरीन मोनॉक्साइड बनतो, असे दोन रेणू थंड हवेत जोडी करतात, वसंतातल्या उन्हात ती जोडी फुटून क्लोरीनचे अणू पुन्हा मोकळे होतात आणि चक्र चालू राहते. 1986 मध्ये सुझन सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकावरच्या मॅकमर्डो तळावरून आकाशातल्या क्लोरीन डायऑक्साइडची खूण शोधली ती दिवसाच्या विखुरलेल्या उजेडाबरोबर चंद्राच्या प्रकाशातही, कारण उन्हात तुटणारा हा रेणू रात्री साठून राहतो. तो तिथे सापडणे याचाच अर्थ क्लोरीन मोनॉक्साइड आणि त्याचा ब्रोमीनमधला भाऊ एकमेकांशी अभिक्रिया करत आहेत. या घराण्यातला आयोडीनचा सदस्य पुणे जिल्ह्याच्या अधिक जवळचा आहे, कारण पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या अनूप महाजन यांच्या गटाने मैत्री आणि भारती या भारतीय अंटार्क्टिक तळांवर तीन उन्हाळे आयोडीन मोनॉक्साइडची मोजणी केली. तिथे मोजायचे प्रमाण होते हवेच्या एक लाख कोटी रेणूंत या मूलकाचे मोजके काही रेणू. शेडवरच्या बादलीत तोच प्रकार डोळ्यांना दिसेल इतका दाट असतो, आणि तरीही नीट मोजला जात नाही.

हाच रेणू पाण्याबाहेर कागदाच्या धंद्यातही भेटतो: लाकडाचा लगदा शुभ्र करण्यासाठी जगभर आता मूलद्रव्य क्लोरीनऐवजी प्रामुख्याने क्लोरीन डायऑक्साइड वापरला जातो, कारण क्लोरीनमुळे डायॉक्सिन हे घातक पदार्थ तयार होत असल्याचे लक्षात आले. इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला गुळगुळीत छपाईचा कागद बनवणारा मोठा कारखाना आहे. त्या प्रकारच्या कागदाच्या पांढरेपणात या मूलकाचाही वाटा असतो.

जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण अचानक वाढले आणि काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, तेव्हा अवशिष्ट क्लोरीन हा शब्द एकाएकी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. हा जिवाणू कोंबड्यांच्या आतड्यांत त्यांना आजारी न पाडता राहतो, त्यामुळे पाण्याच्या टाकीचे काम आणि शेडच्या नळीचे काम ही वाटतात तितकी वेगळी नाहीत. भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात मोकळा क्लोरीन लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम उरलेला असावा. आरोग्य विभाग वर्षातून दोनदा गावांच्या जलस्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करून ग्रामपंचायतींना हिरवी, पिवळी किंवा लाल कार्डे देतो. हिरवे कार्ड ही चांगली गोष्ट आहे, परंतु ते सहा महिन्यांपुरते असते आणि उरलेला क्लोरीन सहा तासांपुरता.

याच संदर्भात एक गैरसमज खोडून काढणे आवश्यक आहे. करोनाच्या काळात क्लोरीन डायऑक्साइडचे द्रावण औषध म्हणून पिण्याचा प्रकार अनेक देशांत पसरला आणि तिथल्या औषध नियंत्रकांना त्याविरुद्ध इशारे द्यावे लागले. जंतूंचा इलेक्ट्रॉन हिसकावणारा रेणू माणसाच्या पेशींना ओळखून सोडून देत नाही. पाण्यात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम आणि पेल्यात थेंबाथेंबाने मोजलेले तीव्र द्रावण यांत कितीतरी पटींचे अंतर असते.

या सगळ्या कामात एक दिवस असा येतो की तेव्हा शेवटच्या निपलला काहीच उरता कामा नये. कोंबड्यांना लासोटा (राणीखेत रोगाविरुद्धची) किंवा गंबोरो रोगाची लस पाण्यातून द्यायची असते, लशीत जिवंत विषाणू असतो, आणि जंतुनाशकाचा लवलेशही तो मारून टाकतो. म्हणून एक-दोन दिवस आधीपासून क्लोरीन डायऑक्साइड व टीसीएल दोन्ही बंद करतात, आणि लशीच्या पाण्यात साय काढलेल्या दुधाची भुकटी कालवतात. दुधातली प्रथिने उरलासुरला क्लोरीन स्वतःवर ओढून घेतात आणि विषाणू वाचतो. लस पिऊन झाल्यावर नळीत दूध राहते, आणि जंतूंच्या दृष्टीने दूध हे गुळापेक्षा वाईट खाद्य नव्हे. म्हणून त्याच दिवशी लस संपल्यावर साध्या पाण्याने नळ्या खळखळून धुवाव्या लागतात, लशीचा अवधी उलटला की सॅनिटायझर पुन्हा लहान मात्रेने सुरू करावे लागते, आणि मोजणी पुन्हा टेलच्या निपलपासून करावी लागते.